निरोगी माणसाची धमनी : गडचिरोलीत पोहोचलेला पट्टा आणि वेशीबाहेर राहिलेला आवाज

१/ जानेवारी १९८९. लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांवरचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वसा आणि आमिर्झा ही ती गावे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तक्रार असलेल्या स्त्रिया त्यात होत्या आणि काहीच तक्रार नसलेल्याही होत्या. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के.

२/ ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाची तपासणी करायची का, केली तर काय सापडते आणि सापडलेल्याचे पुढे काय करायचे, हे प्रश्न गडचिरोलीने तेव्हापासून अनेकदा विचारले आहेत. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत हाच प्रश्न जगाने ध्वनितरंगांच्या साहाय्याने विचारला. ही विद्या कशी घडली आणि तिच्यातील नेमके काय चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलापर्यंत आले, याविषयीचा हा धागा.

३/ नाडीवर बोट ठेवून शरीराचा अंदाज घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘शार्ङ्गधरसंहिते’त नाडीपरीक्षा आलेली आहे. बोटाला नाडीची गती कळते, तिचा जोर कळतो. धमनीतून किती रक्त जात आहे आणि किती वेगाने, हे मात्र बोट सांगू शकत नाही. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून धमनीचा आवाज ऐकला. आजही दवाखान्यात बीपी बघतात ते याच पद्धतीच्या आधाराने. हा पट्टा लक्षात ठेवावा, पुढे तो दोनदा येणार आहे.

४/ बल्लारशाहच्या फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी शिटी वाजवत गेली, तर ती जवळ येताना शिटी तीव्र वाटते आणि पुढे निघून जाताच तिचा स्वर एकदम उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे हे तत्त्व मांडले ते ताऱ्यांच्या प्रकाशासंदर्भात. १८४५ मध्ये हॉलंडच्या बाइस बॅलट यांनी धावत्या आगगाडीवर कर्णेवादक बसवले, रुळाशेजारी स्वरांची जाण असलेले संगीतकार उभे केले आणि आवाजाच्या बाबतीतही ते खरे असल्याचे दाखवून दिले. विज्ञानाच्या इतिहासात इतका गमतीदार प्रयोग क्वचितच झाला असेल.

५/ या आगगाडीच्या जागी रक्तातील तांबड्या पेशी आल्या त्या जपानमध्ये. १९५० च्या दशकात ओसाका विद्यापीठातील शिगेओ सातोमुरा यांनी मानवी कानाला ऐकू न येणारे, फार उच्च कंपनाचे ध्वनितरंग शरीरात सोडले आणि परत येणाऱ्या लहरींच्या बदललेल्या कंपनावरून आधी हृदयाची हालचाल व नंतर रक्ताचा प्रवाह टिपला. कातडीला छेद नाही, सुई नाही, किरणोत्सर्गही नाही. त्यामुळे ज्याला काहीच झालेले नाही अशा माणसालाही निःशंकपणे तपासता येऊ लागले. तोवर धमनीच्या आत डोकावण्यासाठी नळी घालावी लागे, आणि निरोगी माणसाला ‘जरा नळी घालून बघू’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असावा?

६/ मोजमाप मात्र दिसते तेवढे सरळ नाही. यंत्राचा ध्वनी धमनीला काटकोनात लागला, तर रक्त कितीही जोरात वाहत असले तरी कंपनात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून यंत्राचा टोकाचा भाग तिरपा धरावा लागतो. कोन ६० अंशांच्या पुढे गेला की थोडीशी चूकही आकडा भलतीकडे नेते. दुसरी अडचण व्यासाची. एकूण प्रवाह काढायचा तर रक्ताचा वेग धमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावा लागतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ४ मिलिमीटरची धमनी ४.२ मिलिमीटर अशी मोजली गेली, तर प्रवाहाचा आकडा १० टक्क्यांनी फुगतो. यंत्र कितीही भारी असो, त्याची किंमत धरणाऱ्या हातावर ठरते.

७/ प्रवाह कळू लागला, तरी धमनी स्वतः धडधाकट आहे की नाही हे त्यातून कळत नव्हते. तो धागा अमेरिकेत हाती लागला. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झकी यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की आतील नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिन या रसायनाने धमनी सैलावते. अस्तर घासले गेले तर सैलावत नाही. तोवर हे अस्तर पाण्याच्या नळाच्या आतील गुळगुळीतपणासारखे, काही न करणारे मानले जाई. प्रत्यक्षात ते धमनीला ‘आता रुंद हो’ असा निरोप देत होते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल याच शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.

८/ आता पट्टा परत येतो. १९९२ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड सेलरमायर, जॉन डीनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. हाताला पट्टा बांधायचा, रक्तदाबाहून अधिक दाब देऊन रक्त सुमारे पाच मिनिटे अडवायचे आणि मग एकदम सोडायचे. थांबलेले रक्त लोंढ्यासारखे येते, अस्तराला त्याची घासण जाणवते, ते नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि दंडातील धमनी रुंदावते. किती रुंदावली, हे सोनोग्राफीने मोजायचे. सशक्त तरुण माणसात हा फरक पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे मिलिमीटरचे काही दशांश.

९/ त्यांनी एकूण १०० जणांना तपासले. त्यात ५० जण कसलीही जोखीम नसलेले निरोगी होते, २० धूम्रपान करणारे होते, आणि जन्मतः अतिउच्च कोलेस्टेरॉल असलेली लहान मुलेही होती. त्या मुलांना तक्रार काहीच नव्हती, धूम्रपान करणारेही धडधाकट हिंडत-फिरत होते. धमन्यांनी मात्र वेगळे उत्तर दिले : या दोन्ही गटांत त्या नीट रुंदावत नव्हत्या. छातीत दुखायला लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी ही गोष्ट नोंदता येते, हे त्या निबंधाचे सांगणे होते.

१०/ या चाचणीचे पथ्य वाचण्यासारखे आहे. माणूस उपाशीपोटी हवा. चहा-कॉफी नको. चार ते सहा तास तंबाखू नको. खोली शांत, मंद उजेडाची आणि ठरावीक तापमानाची हवी. आधी काही वेळ स्वस्थ पडून राहायचे.

आता मे महिन्यातील चंद्रपूर डोळ्यांपुढे आणावे. पारा ४५ अंशांच्या पुढे. शरीर स्वतःला थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या वाहिन्या आधीच उघडून बसलेले. तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटेपासून जंगलात चाललेली पायपीट. आणि तोंडात खर्रा.

११/ विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा हा या दोन जिल्ह्यांत पानठेल्यापासून लग्नमांडवापर्यंत सर्वत्र आढळतो. स्वीडनमधील रोहानी आणि अगेवाल या संशोधकांनी २००४ मध्ये तेथील ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवर, म्हणजे ‘स्नूस’वर, वरचीच चाचणी केली. निरोगी स्नूस सेवन करणाऱ्यांत तंबाखू तोंडात ठेवल्यावर धमनीची रुंदावण्याची क्षमता घटली. धूर नव्हता, तरीही. खर्रा म्हणजे स्नूस नव्हे. सुपारी व चुन्याचा हिशेब वेगळाच असेल. तरी ‘विडी ओढत नाही, फक्त खर्रा खातो’ हे वाक्य ज्या प्रदेशात निर्व्यसनीपणाची ग्वाही म्हणून दिले जाते, तेथे या शोधाची दखल घ्यायला हवी. गडचिरोलीत २०१६ पासून दारू व तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ अभियान चालू आहे, ते या पार्श्वभूमीवर.

१२/ मग निरोगी कोणाला धरायचे? लंडनमधील ५० जणांच्या सरासरीशी तेंदू तोडणाऱ्या मजुराची धमनी ताडून पाहिली, तर जो फरक दिसेल तो रोगाचा, उन्हाचा, खर्ऱ्याचा, की बाळपणीच्या उपासमारीचा? ‘सामान्य’ म्हणून छापलेल्या प्रत्येक आकड्यामागे कोणत्या तरी गावाचे, कोणत्या तरी शहराचे लोक उभे असतात. वैद्यकाचा इतिहास वाचताना हे वारंवार विसरले जाते.

१३/ जेथे हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, तो आजार म्हणजे सिकलसेल. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होणारा हा आनुवंशिक आजार भारतात प्रथम नोंदला गेला तो १९५२ मध्ये निलगिरीत. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि नागपूर परिसर जगाच्या नकाशावर आला. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार घराघरांच्या ओळखीचा आहे.

१४/ सिकलसेलच्या मुलांना लकवा होऊ शकतो, शाळेत जायच्या वयात. १९८२ मध्ये नॉर्वेचे रुने आस्लिद यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनितरंग पाठवून मेंदूच्या धमनीतील रक्ताचा वेग मोजून दाखवला होता. अमेरिकेतील रॉबर्ट ॲडम्स यांनी हे तंत्र सिकलसेलच्या मुलांवर वापरले. मेंदूची धमनी आतून अरुंद होऊ लागली की त्याच रक्ताला कमी जागेतून जावे लागते आणि वेग वाढतो. नदीचे पात्र आवळले की पाणी धावते, तसे. सेकंदाला २०० सेंटिमीटर ही सीमारेषा ठरली.

१५/ १९९८ मध्ये त्यांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ही सीमा ओलांडलेल्या, पण अद्याप लकवा न झालेल्या १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त चढवण्यात आले. त्यांच्यात लकव्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या कानशिलावर काही मिनिटे एक यंत्र ठेवायचे, आणि त्याचा उजवा हात आयुष्यभर त्याचा राहतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरायचे. पट्टा, बोट, स्टेथोस्कोप यांपैकी कशालाही हे काम जमत नाही.

१६/ ती २०० ची रेषा ज्या मुलांवरून आखली गेली, ती बहुतांश आफ्रिकी वंशाची अमेरिकन मुले होती. भारतीय सिकलसेलची जनुकीय ठेवण वेगळी आहे. तिला ‘अरब-इंडियन’ म्हणतात आणि तिच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते. त्यामुळे येथील आजार सौम्य, असा समज दीर्घकाळ होता. मध्य भारतातील रुग्णांच्या अभ्यासांनी त्याला बरेच तडे दिले आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर रक्ततपासणी करून वाहक आणि रुग्ण शोधण्यावर आहे.

१७/ आता मोठ्या माणसांकडे. २०११ ते २०१३ या काळात ‘सर्च’ या बंग दाम्पत्याच्या संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतील, सुमारे ९४ हजार लोकवस्तीतील, प्रत्येक मृत्यूचे कारण घरच्यांशी बोलून शोधले. दोन वर्षांत १,५९९ मृत्यू झाले. त्यांतील २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्याने. मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८/ गडचिरोली म्हटले की हिवताप, कुपोषण आणि साप, ही प्रतिमा दिल्ली-मुंबईत पक्की होती. लकवा हा शहरी, बसून खाणाऱ्यांचा आजार मानला जाई. या आकड्यांनी तो समज उलटवला. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक लोक घरीच गेले. सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले तर त्यात आश्चर्य नाही. लकव्यानंतर उपयोगी पडणारे औषध तासांच्या हिशेबात द्यावे लागते. म्हणजे येथे जे काही करायचे, ते माणूस निरोगी दिसत असतानाच.

१९/ तेव्हा गावात काय पोहोचले? पट्टा. लकव्याचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण उच्च रक्तदाब, आणि तो मोजायला ध्वनितरंग लागत नाहीत. गावातल्याच स्त्रीला शिकवून मोजमाप तिच्या हाती देण्याची ‘सर्च’ची रीत जुनी आहे. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजावे लागतात; मोजता न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे श्वासमापक यंत्र बनवले होते. नवजात बाळांची घरीच काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत याच परंपरेतल्या. रक्तदाबाचा पट्टा तिच्यात सहज बसला.

२०/ सोनोग्राफी मात्र तिच्यात बसू शकत नव्हती, आणि त्याचे कारण यंत्राच्या किमतीपुरते नाही. ते कायद्यात आहे, आणि त्या कायद्याचा उगम महाराष्ट्रातच आहे.

२१/ १९८० च्या दशकात मुंबईत गर्भलिंग तपासून मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा उघडपणे चालू होता. स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावरील देशातील पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून लागू झाला, पण कागदावरच राहिला. तेव्हा २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला. गर्भाचे लिंग दाखवू शकेल असे प्रत्येक यंत्र नोंदणीखाली आले, मग ते प्रत्यक्षात हृदयासाठी वापरलेले असो वा मानेच्या धमनीसाठी.

२२/ २०१२ मध्ये नियमांत ‘३ ब’ हे कलम आले. सहज उचलून नेता येणारे सोनोग्राफी यंत्र दोनच ठिकाणी वापरता येईल : नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी, किंवा इतरही अनेक आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. पिशवीत यंत्र घालून दुचाकीवरून धानोऱ्याच्या एखाद्या टोल्यावर जाणे बेकायदा ठरले. असे करणारे लोक राज्याच्या दुसऱ्या भागांत खरोखरच होते आणि ते धमन्या मोजायला जात नव्हते.

२३/ २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या. गडचिरोलीत ९६१. चंद्रपुरात ९५३. ज्या जिल्ह्यांनी मुली राखल्या, त्यांनाही मुली न राखणाऱ्यांसाठी केलेल्या नियमाखाली राहावे लागते. म्हणून नियम चुकीचा होता असे म्हणता येत नाही. बीडचा आकडा समोर असताना तर मुळीच नाही. जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळा नियम केला असता, तर फिरती यंत्रे नेमकी सवलतीच्या जिल्ह्यात ‘नोंदवली’ गेली असती. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

२४/ ही किंमत सगळीकडे सारखी नव्हती. लकव्याच्या बाबतीत ती फारशी मोठी नसावी. दंडाची धमनी किती रुंदावते ही चाचणी आजही मुख्यतः संशोधनाचेच साधन आहे. पन्नाशीतल्या माणसाचे बीपी १८० असेल, तर सोनोग्राफीने काय नवे सांगावे? त्याला गोळी हवी, आणि ती दर महिन्याला हवी. सिकलसेलच्या मुलाचे तसे नाही. कानशिलावरून वेग मोजणारी काही यंत्रे चित्र दाखवतच नाहीत, केवळ प्रवाहाचा आवाज आणि आलेख देतात. गर्भ पाहण्याचा तेथे संबंधच येत नाही. तेथे हवे आहे ते शिकलेले बोट, आणि २०० च्या वरचा आकडा आला तर महिन्यामागून महिना रक्त किंवा औषध पुरवण्याची तयारी. ती तयारी नसताना आईला तो आकडा सांगणे क्रूर ठरेल.

२५/ तिसरी गोष्ट बाळांची. १९९५-९६ मध्ये ‘सर्च’ने ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. ४२ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर तेव्हा सांगत होते, की कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे हृदयविकार अधिक होतो. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गर्भावस्थेतील पोषणाचा माग मधुमेहापर्यंत काढत होते. १९९७ मध्ये पॉल लीसन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील नऊ ते अकरा वर्षांच्या निरोगी मुलांच्या दंडाला तोच पट्टा बांधला. जन्मवजन कमी असलेल्यांच्या धमन्या कमी रुंदावत होत्या.

२६/ गडचिरोलीतील त्या ७६३ बाळांपैकी जी जगली, ती आज तिशीत आहेत. काहींची स्वतःची मुले शाळेत जात असतील. त्यांची जन्मवजने नोंदलेली आहेत. गडचिरोलीच्या मातीतला ‘सामान्य’ आकडा काढायचा, तर याहून चांगली सुरुवात मिळणे कठीण. त्यासाठी लागेल ती नोंदणी झालेल्या फिरत्या पथकाची गाडी, पावसाळा संपल्यानंतरचे थंड दिवस, एक अंधारी शांत खोली, सकाळपासून खर्रा न खाण्याचे कबूल करणारा माणूस, आणि पाच मिनिटे हाताला बांधलेला पट्टा.